ब्रह्मपुरीहून श्रीवर्धनला बदली : वादळाची तयारी नेमकी काय करायची?

वैनगंगाकाठची

नमस्कार मंडळी. माझी बदली श्रीवर्धनला झाली आहे, १ जूनला रुजू व्हायचंय. म्हणजे ऐन तोंडावर पावसाळा. सोबत आई येतेय, वय ७१, गुडघे कुरकुरतात, बीपीची गोळी रोजची.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीत वाढले. ४६-४७ अंशांचं ऊन आम्हाला नवं नाही. पण वादळ म्हणजे आमच्याकडे पंधरा-वीस मिनिटांचा खेळ: धूळ उठते, दोन-चार टिना उडतात, आंबे पडतात, पोरं गोळा करायला धावतात. समुद्रावरून येणारं वादळ मी फक्त टीव्हीवर पाहिलंय. श्रीवर्धन म्हटल्याबरोबर ऑफिसातले सगळे 'निसर्ग, निसर्ग' (२०२० चं ते चक्रीवादळ) करायला लागले आणि आईने ऐकलं. आता ती रोज विचारते, "तिथं घर उडून जातं म्हणे?"

भाड्याचं घर ठरलंय. समुद्र चालत पाच-सात मिनिटांवर. पुढचा भाग जुना, चिऱ्याच्या भिंती आणि वर कौलं. मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी नंतर वाढवलेली, त्यावर सिमेंटचे पत्रे. भोवती नारळ-सुपारी, परसात विहीर. घरमालक पुण्यात राहतात.

भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी पाठवली, ४२ कलमांची. त्यात 'तळघरात आसरा घ्या', 'गॅरेजच्या दाराला टेकू द्या' आणि 'डबे उघडायचं यंत्र विसरू नका' असं आहे. आमच्याकडे ना तळघर, ना गॅरेज, आणि डब्यात असतो तो चिवडा.

तर जे तिथे राहतात, ज्यांनी २०२० बघितलं, त्यांनी सांगा. काय घेऊन ठेवू? इशारा आला की आईला घेऊन निघून जावं की घरातच थांबावं? आणि मागचे ते पत्रे कितपत धोक्याचे?

---

रोठेवाला

ताई, श्रीवर्धनात तळघर खणायला घेतलंत तर विहीर मिळेल. ती यादी भावाला परत पाठवा.

माझी वाडी दिवेआगरच्या बाजूला आहे. ३ जून २०२० ला घरातच होतो. जे आठवतंय ते लिहितो, थोडं लांबेल.

वादळाच्या दिवसाबद्दल सगळेच सांगतात. वारा ताशी ११०-१२० किलोमीटर होता, दुपारी किनाऱ्याला लागला, आणि खरा जोर आमच्या डोक्यावर चार-पाच तास होता. संध्याकाळी चहा केला आम्ही. पण घरात वीज आली ती ३४ व्या दिवशी. म्हणून म्हणतो, तयारी त्या चार तासांची कमी आणि पुढच्या महिन्याची जास्त करा.

पहिली गोष्ट विहीर. तुमच्या परसातल्या विहिरीवर पंप असणार. रहाट आहे का बघा. आमच्याकडे पंप आल्यावर रहाट काढून माळ्यावर टाकला होता, दोर कधीच कुजला होता. वादळानंतर भरलेली विहीर समोर आणि पाणी काढायची सोय नाही. वाकून बादली सोडायची म्हणजे आत पडायची भीती. शेवटी पडलेल्या सुपारीची दोन खोडं विहिरीवर आडवी टाकली आणि कपड्यांच्या दोरीने कळशी ओढली. वादळात आमच्या घरातल्या कुणाला खरचटलं नाही, पण त्या दोरीने बायकोच्या तळहाताची सालटी निघाली. तेव्हा जूनच्या पहिल्याच आठवड्यात सुताराला बोलवा, रहाट बसवून घ्या, नवा दोर घ्या. मालकाने पैसे दिले तर उत्तम, नाही दिले तरी करा.

दुसरं, रोकड. वीज नाही म्हणजे एटीएम नाही, टॉवर नाही म्हणजे फोनवरून पैसे पाठवणं नाही. आमच्याकडे 'मी सुखरूप आहे' एवढं सांगायला लोक म्हसळ्याच्या बाजूला, डोंगरावर रेंज शोधत गेले. माझा मुलगा ठाण्याला, त्याला तिसऱ्या दिवशी माझा आवाज ऐकू आला. तोवर त्याने काय काय कल्पना केल्या असतील! तुमच्या भावाला आत्ताच सांगून ठेवा, की चार दिवस फोन लागला नाही तर घाबरायचं नाही, आणि बातमी कुणाच्या मार्फत मिळेल तेही ठरवा. पाच-सहा हजार रुपये सुट्या नोटांत, प्लास्टिकच्या डब्यात. पाचशेची नोट त्या वेळी कुणी मोडून देत नाही.

आईच्या गोळ्या महिनाभराच्या. बाकी किराणा तसाही भरावा लागेलच. आमच्याकडे मे महिन्यात आगोटीची खरेदी असते: तांदूळ, डाळी, सुकी मासळी, कांदे, मिरची-मसाला, जळण. चार महिन्यांची बेगमी करायची आमच्या आजीची सवय आम्ही दुकानं जवळ आल्यावर सोडली होती. २०२० ला ज्यांच्या घरी आगोट भरलेली होती ते निवांत जेवले. मासे खाता की नाही ठाऊक नाही. खात असाल तर सोडे आणि जवळा घेऊन ठेवा, फ्रीज लागत नाही.

आता छप्पर. कौलारू घराबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, इथले इतर लोक भांडतील. कौलं उडतात, फुटतात, पण फटींतून वारा निघून जातो, सांगाडा राहतो. दुसऱ्या दिवशी उरलेली कौलं पसरून निदान एक खोली झाकता येते. सिमेंटचा पत्रा मात्र गेला की अख्खा जातो, आणि जिथे पडतो तिथे सुरीसारखा पडतो. तुमच्या मागच्या पत्र्यांचे हूक गंजलेत का ते शिडी लावून कुणाकडून तरी बघून घ्या. खाऱ्या हवेत लोखंडाचं फार काळ चालत नाही. गंजले असतील तर सगळे बदलायला लावा, आणि कडेच्या ओळीला जास्त, कारण वारा कडेनेच बोट घालतो. पत्र्यावर दगड ठेवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वारा पत्रा नेताना दगड तिथेच ठेवून जात नाही.

वादळात स्वयंपाकघरात कुणी थांबायचं नाही. माजघरात बसायचं, चारी बाजूंना चिऱ्याच्या भिंती आणि डोक्यावर लाकडी माळा असेल तिथे. सिलिंडर बंद, मेन स्विच खाली. दाराला नुसती कडी नको, आतून अडणा घाला. जुन्या घरांत भिंतीला खोबणी असतात त्यासाठी, फक्त लाकूड हरवलेलं असतं.

आणि हे नीट वाचा. मध्येच वारा पडला तर बाहेर येऊ नका. त्या दिवशी आधी वारा डोंगराकडून आला, मग थांबला. शेजारचे दोघं वाडी बघायला निघाले. मी ओरडलो, पण ते काही माझ्या ज्ञानामुळे नाही, माझ्या आत्याने लहानपणी सांगितलेलं आठवलं म्हणून. थोड्या वेळाने तोच वारा समुद्राकडून आला. पहिल्या वाऱ्याने वाकलेली झाडं दुसऱ्याने उलट्या बाजूला मोडली. सुपारी तर मधूनच काडी मोडावी तशी मोडत होती, आवाज फटाक्यांच्या माळेसारखा.

घराला लागून असलेल्या माडांचे सुके झाप आणि नारळ मे महिन्यात उतरवून घ्या. वाऱ्यात नारळ खाली पडत नाही, आडवा येतो.

राहायचं की निघायचं? समुद्र पाच मिनिटांवर आहे आणि आईचे गुडघे दुखतात, म्हणजे आयत्या वेळी पळणं नाही. हवामान खातं चक्रीवादळाची पहिली चाहूल साधारण ७२ तास आधी देतं, मग ४८ तासांवर इशारा, मग २४ तासांवर पक्की धोक्याची सूचना. तुम्ही ४८ तासांच्या इशाऱ्याला हला. लांब जायची गरज नाही. श्रीवर्धन सोडून घाटात अडकण्यापेक्षा गावातच, समुद्रापासून आत, उंचावर, स्लॅबचं घर असलेल्या कुणाकडे आईला न्या. ते घर कुणाचं हे वादळ यायच्या आधी ठरलेलं हवं. पहिल्या आठवड्यात शेजारी ओळख करून घ्या. आम्ही लोक तोंडाने फटकळ, पण दार उघडतो. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद शाळेत चला म्हणाली तर वाद न घालता जायचं.

झाल्यानंतर काहीही आवरायच्या आधी फोटो काढा. घराचे मालकाला लागतील, तुमच्या सामानाचे तुम्हाला. मी उत्साहात दुसऱ्याच दिवशी अंगण साफ केलं. पंचनाम्याला माणूस आला तो म्हणतो, पडलेली झाडं कुठेत? मी त्याला सरपण दाखवलं.

आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या दोन तृतीयांश गेल्या. नवी लावली ती आत्ता कुठे धरायला लागलीय. असो. तो वेगळा विषय.

---

गुरुकृपा

एवढं घाबरायचं कशाला? देव आहे ना पाठीशी.

---

रोठेवाला

आहे हो. पण त्या दिवशी देवळाच्या सभामंडपाचेही पत्रे गेले होते.

---

नदीपल्याडचा

मी शिरोळ तालुक्यातला. आमच्याकडं वादळ नाही, पूर. पण ताईंच्या कामाचं एक सांगतो.

आमचं नुकसान पाण्यानं जेवढं केलं त्याच्यापेक्षा जास्त जुन्या आठवणीनं केलं बघा. २००५ च्या पुरात पाणी आमच्या गोठ्याच्या पायरीला लागून परत गेलं. वडिलांनी भिंतीवर खिळ्यानं खूण केली. २०१९ ला ऑगस्टमध्ये सगळे सांगत होते निघा, आणि वडील त्या खुणेकडं बोट दाखवत बसले. 'याच्या वर येत नाही.' कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांवर इशारा, ४३ ला धोका. त्या साली ५५ च्या वर गेलं. खूण पाण्याखाली, टीव्ही पाण्याखाली, आम्ही माडीवर. होडीनं काढलं. चार म्हशींतल्या दोन वाचल्या, त्या पण शेजाऱ्यानं दावी कापली म्हणून. आमच्या तर डोक्यातच आलं नव्हतं. २०२१ ला परत ५६ च्या घरात गेलं, तेव्हा मात्र ४१ लाच जनावरं माळावर नेऊन बांधली. लोक हसले.

म्हणून ताई, श्रीवर्धनात कुणी 'आमच्या घराला २०२० ला काही झालं नाही' असं सांगितलं तर ऐकून घ्या, पण त्याच्यावर भरवसा ठेवून बसू नका.

अजून एक. पाणी शिरलं तर ओसरता ओसरताच गाळ ढकलून बाहेर काढायचा, त्याच पाण्यानं. एकदा वाळला की कुदळ लागते. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकल्याशिवाय पाणी प्यायचं नाही. आणि चिखलात अनवाणी फिरायचं नाही, तिकडं कोकणात लेप्टोचा ताप असतो. पायाला जखम असली आणि ताप आला तर डॉक्टरला चिखलात उभी होते हे आवर्जून सांगा.

---

ह्यूस्टनकर

ती ४२ कलमी यादी बहुतेक आमच्याच बाजूची असावी. :) तळघर टोर्नेडोसाठी. आणि गंमत म्हणजे ह्यूस्टनमध्येही तळघरं जवळपास नसतातच.

रोठेवाला काकांचं 'पुढचा महिना' अगदी पटलं. जुलै २०२४ ला बेरिल आलं, चक्रीवादळांच्या आमच्या पाच पायऱ्यांतलं सर्वात खालचं. तरी या भागात वीस लाखांवर ग्राहकांची वीज गेली. आमच्याकडे सहाव्या दिवशी आली, आणि ते सहा दिवस उकाड्याचे होते. वारा सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण आमच्या शेजारच्या आजींना दवाखान्यात न्यावं लागलं ते उन्हामुळे. इथे बरेच जण जनरेटर घरात किंवा खिडकीशी लावतात आणि धुराने दगावतात. श्रीवर्धनात कुणी दिला तर अंगणात, लांब ठेवा.

---

वैनगंगाकाठची

रोठेवाला काका, रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. सरपणावर हसली, आणि विहिरीचं ऐकून म्हणाली, "दोर मी बघते, तुला त्यातलं काय कळतं." तिची भीती निम्मी गेली. काम मिळालं की ती अशीच असते.

नदीपल्याडचे दादा, तुमची खिळ्याची खूण वाचून अंगावर काटा आला. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्द धरणाचं पाणी सोडलं तेव्हा आमच्या तालुक्यात वैनगंगाकाठच्या गावांत हेच झालं. वरून पाऊस नाही, आभाळ कोरडं, आणि पाणी घरात. माझे मामा आभाळाकडे बघून थांबले होते.

एक शंका. रेड अलर्ट आला की प्रत्येक वेळी आईला हलवायचं का? तसं केलं तर जुलैभर आम्ही बोचकं घेऊन फिरू.

---

रोठेवाला

चांगला प्रश्न. पावसाचा रेड अलर्ट वेगळा, चक्रीवादळाचा इशारा वेगळा. पावसाच्या मोजमापात २४ तासांत २०४ मिलिमीटरच्या वर म्हणजे सर्वात वरची पायरी. कोकणात जुलैमध्ये ती अधूनमधून येतेच. तेव्हा घरात बसा, भजी करा, खाडी आणि साकवाच्या बाजूला जाऊ नका. घर डोंगराच्या पायथ्याशी असतं तर मी वेगळं बोललो असतो. २०२१ मध्ये तळीये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी दरडीखाली गेली, दोन्ही आमच्याच जिल्ह्यातली. तुमचं सपाटीला आहे.

पण मोठा पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की पाण्याला जायला वाट राहत नाही. २०२१ ला चिपळूण बुडालं त्यात हेही एक कारण होतं. भरतीची वेळ काढायला फोन नको. तिथीला तीनने गुणा, चारने भागा. एकादशीला अकरा त्रिक तेहतीस, भागिले चार, सव्वाआठ. सकाळी आणि रात्री साधारण त्याच सुमाराला पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. आईंना कालनिर्णय वाचायची सवय असेलच.

आणि जून सरला म्हणजे सुटलो असं समजू नका. फयान चक्रीवादळ ११ नोव्हेंबरला आलं होतं, २००९ मध्ये. बंदरावर धोक्याचा बावटा लागलाय का हे कोळीवाड्यात विचारत जा. तीन नंबरचा लागला की ते होड्या वर ओढायला लागतात. त्यांची लगबग अ‍ॅपच्या आधी दिसते.

आता तुम्ही मला एक सांगा. माझी पुतणी जूनमध्ये चंद्रपूरला नोकरीला निघालीय. आम्हाला ३५ म्हणजे ऊन.

---

वैनगंगाकाठची

काका, हे माझ्या प्रांतातलं!

जूनमध्ये येतेय तर या वर्षीचं शेवटचं ऊन तिला भेटेल. तिला सांगा, घामावर विश्वास ठेवू नकोस. कोकणात घाम चिकटतो म्हणून कळतो. आमच्याकडे हवा इतकी कोरडी की तो दिसायच्या आधीच उडतो आणि मुलीला वाटतं आपल्याला घाम येतच नाही. तहान लागायची वाट बघू नये. दुपारी बारा ते चार बाहेरचं काम नाही, आणि निघावंच लागलं तर डोकं, कान, नाक दुपट्ट्याने बांधून. याला आम्ही फॅशन म्हणत नाही. खोली घेताना वरचा मजला नको, स्लॅब रात्रभर तापलेला राहतो. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूने हवा ओढेल असा बसवायचा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवायची. बंद खोलीत कूलर लावला की दमट भट्टी होते. नवीन येणारे सगळे हीच चूक करतात.

पण तिला उन्हापेक्षा विजेचं जास्त सांगा. जूनचा पहिला पाऊस आला की सगळे खूश होऊन बाहेर येतात, आणि नेमकी तेव्हाच वीज पडते. आमच्या भागात धानाची रोवणी करणाऱ्या बायका बांधावरच्या मोहाखाली उभ्या राहतात. माझी एक वर्गमैत्रीण अशीच गेली, आम्ही अकरावीत होतो. चमकल्यापासून गडगडाटापर्यंत मोजायचं. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, पक्क्या घरात किंवा गाडीत शिरायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. झाड नाही, टिनाचं उघडं शेड नाही. विजेचा इशारा देणारं 'दामिनी' अ‍ॅप पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं आहे, ते फोनवर घ्यायला सांगा.

---

वैनगंगाकाठची

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली खबर.

पोहोचलो. पत्र्यांचे हूक खरंच गंजलेले निघाले, एक तर हातानेच तुटला. मालक फोनवर आधी म्हणाले, "२०२० ला तर काही झालं नव्हतं." मी नदीपल्याडच्या दादांची खिळ्याची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले, मग अर्धा खर्च देतो म्हणाले. अडण्याच्या खोबणी दाराच्या दोन्ही बाजूंना आहेत, लाकूड नव्हतं, ते करून घेतलं. दोन घरं सोडून एक निवृत्त बाई राहतात, त्यांचं स्लॅबचं घर आहे. आईची आणि त्यांची दुसऱ्याच दिवशी पापडांवरून गट्टी जमली, त्यामुळे ते विचारावंच लागलं नाही. सोडे आईने घरात आणू दिले नाहीत. वास.

रहाट सुताराने काल बसवला. नवा दोर आईने स्वतः दुकानात जाऊन, ओढून बघून घेतला, आणि हात सरकू नये म्हणून त्याला चार ठिकाणी गाठी मारून ठेवल्यात. गाठ रहाटाच्या खोबणीतून जाते का, ते उद्या सकाळी बघणार आहोत.